टॅली म्हणजे आधी काठी, सॉफ्टवेअर नंतर

कुणीतरी लिहिलंय की 'हिशोब टॅली झाला' (म्हणजे जुळला) हे टॅली नावाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवरून आलं. नाही हो, उलटं आहे, शब्द कितीतरी जुना, सॉफ्टवेअर परवाचं. मूळ लॅटिनमधलं 'टालिया', म्हणजे कापलेली काठी.

मध्ययुगात इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात पैसे भरले की लाकडी काठीवर खाचा पाडायचे, रक्कम मोठी तशी खाच रुंद, हजार पौंडाला तळहाताच्या जाडीएवढी, शंभराला अंगठ्याएवढी आणि असंच खाली खाली. मग ती काठी उभी चिरायची, लांब तुकडा पैसे भरणाऱ्याकडे (त्याला स्टॉक म्हणायचे), आखूड तुकडा खजिन्याकडे. पुढे वाद झालाच तर दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघायचे, खाचा जुळल्या पाहिजेत आणि लाकडाच्या रेषासुद्धा, त्यामुळे एकट्याने गुपचूप खाच वाढवून काही उपयोग नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही पावती तपासता यायची, मला तर हे आजच्या कित्येक पावत्यांपेक्षा भारी वाटतं. तर 'टॅली होणं' म्हणजे जुळणं हा अर्थ इथला.

आणि गंमत म्हणजे ही पद्धत १८२६ पर्यंत चालू होती! नंतर साठलेल्या काठ्यांचं करायचं काय म्हणून १८३४ मध्ये त्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाखालच्या (हाउस ऑफ लॉर्ड्स) भट्ट्यांमध्ये जाळायला घेतल्या, धुराडी इतकी तापली की ब्रिटिश संसदेची बहुतेक इमारतच जळून गेली. जुनं रेकॉर्ड नष्ट करायची घाई, दुसरं काय 😀