मदत हवी आहे: रेडीमिक्सचं थकलेलं बिल, समाधान पोर्टलवर टिकेल का?

पुण्यातल्या बिल्डरकडे रेडीमिक्सचं (तयार काँक्रीटचं) बिल अडकलंय; लघुउद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार करायचीय. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) पुरवठ्याआधीची, उत्पादक म्हणून. सही-शिक्क्याची चलनं, क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या मजबुतीच्या चाचणीचे) रिपोर्ट आहेत. लघुउद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा २००६ च्या कलम १५ नुसार करारातही ४५ दिवसांहून जास्त उधारी चालत नाही. कलम १६ प्रमाणे थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीनं. इथवर ठीक.

घोळ पीओत (खरेदी ऑर्डरमध्ये) आहे. पंपिंग आणि काँक्रीट टाकण्याची मजुरी एकाच दरात धरलीय. वर्क्स कॉन्ट्रॅक्ट (माल आणि मजुरी एकत्र असलेलं कंत्राट) या कायद्यात बसत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत, समोरचा वकील तेच पुढे करणार. फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे (या कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या मंडळापुढे) हा आक्षेप कोणी परतवलाय का? मालाचं आणि मजुरीचं बिल वेगळं दाखवून?

दुसरं, दावा करायची तीन वर्षांची मुदत जवळ आलीय. थकबाकी कबूल करणारा बिल्डरच्या अकाउंटंटचा ईमेल मुदत कायद्याच्या कलम १८ ला (लेखी कबुलीनं मुदत नव्यानं सुरू होते, ते) पुरतो, की भागीदाराचीच सही लागते?