ताजिक ‘भेसळ’ असेल तर मुंथा कशाला ठेवलीत?

खग्रास
काल इथे एका बुवांनी ठणकावून लिहिलंय: ताजिक (दर वर्षी रवी जन्मवेळच्या जागी परततो त्या क्षणाची, म्हणजे वर्षप्रवेशाची, कुंडली मांडून वर्षफळ सांगायची पद्धत) म्हणजे यवनांची (ग्रीक-अरबांची) भेसळ, इत्थशाल-ईसराफ वगैरे ग्रहांचे सोळाही योग कचऱ्यात टाका, वर्षकुंडलीला पाराशरी (आपल्या जन्मकुंडलीच्या पद्धतीची) दृष्टी लावा, फळ सांगायला मुंथा आणि वर्षेश (वर्षाचा स्वामी ग्रह) पुरेत.

अहो, मुंथा आणि वर्षेश तरी कुठून आले? मुंथा म्हणजे जन्मलग्न (जन्मवेळी उगवणारी राशी) दर वर्षी एक राशी पुढे सरकवायचं. ही युक्ती ग्रीकांकडून अरबांकडे आणि तिथून आपल्याकडे आली. तेराव्या शतकात समरसिंहाने ती संस्कृतात मांडली. 1587 मध्ये नीलकंठाने जो ग्रंथ (नीलकंठी) रचला त्यावर आजही सगळं वर्षफळ चालतं, आणि या नीलकंठाचं घराणं मूळचं विदर्भातलं. दीप्तांश (ग्रहाचा प्रभाव किती अंश पोचतो ते) पाहा: सूर्य 15, चंद्र 12, मंगळ 8, बुध 7, गुरू 9, शुक्र 7, शनी 9. मध्ययुगीन युरोपातले ज्योतिषीही हेच आकडे वापरत. मेषेतल्या हद्दा (राशीचे ग्रहांना वाटून दिलेले तुकडे, अंशांत) पाहा: गुरू 6, शुक्र 6, बुध 8, मंगळ 5, शनी 5. टॉलेमीने इजिप्शियनांचं म्हणून दिलेलं कोष्टक आहे ते. तुमचा वर्षेश ठरतो पंचवर्गी बळावर (ग्रहाच्या पाच बळांच्या बेरजेवर), आणि त्यातल्या 80 गुणांत 15 हद्द्याचे. भेसळ काढायचीच तर वर्षेशही काढा.

आता पाराशरी दृष्टीचं. वर्षकुंडलीत चंद्र मेषेत 8 अंशांवर, शनी सिंहेत 15 वर. ताजिकात ही पाचवी-नववी, उघड स्नेहदृष्टी. अंतर 7 अंश. दोघांच्या दीप्तांशांची निम्मी बेरीज साडेदहा. शीघ्र ग्रह मागे, मंद पुढे. चोख इत्थशाल, म्हणजे जुळत येणारा योग. पाराशरी लावलीत तर चंद्र फक्त तूळ बघतो, शनी बघतो तूळ, कुंभ, वृषभ. म्हणजे दोघांचा संबंधच नाही! योगाचा पायाच काढून घेतल्यावर ‘योगांनी फळ मिळत नाही’ ही तक्रार कसली?

दशमेश
भाषण छान. मूळ परदेशी आहे म्हणून मी ताजिक नाकारत नाही. होरा-द्रेष्काणही (राशीचे पोटभाग) बाहेरून आले, वराहमिहिर यवनांना मान देतोच. माझा आक्षेप वेगळा आहे. विंशोत्तरीत (जन्मनक्षत्रावरून काढलेल्या ग्रहदशांत) शनी-केतू चालू असताना वर्षेश गुरू ‘उत्तम वर्ष’ म्हणतो, तेव्हा कुणाचं ऐकायचं याचा नियम दाखवा. दाखवता येत नाही म्हणूनच जातकाला खूश करणारं जे असेल ते सांगितलं जातं. आणि दीप्तांशांची निम्मी बेरीज हा तरी एकमताचा नियम आहे का? एकेका ग्रहाचे स्वतःचे दीप्तांश धरणारे आहेतच की.

खग्रास
नियम साधा आहे: जन्मकुंडलीत नसलेलं वर्षकुंडली देत नाही, असलेलं कधी ते सांगते. बेरजेबाबत मतभेद आहेत, मान्य. तुमच्या विंशोत्तरीत 360 दिवसांचं वर्ष की 365, यावर झालंय का एकमत?

घटिकापात्र
तुम्ही दोघं योगांवर भांडताय. कुंडली कुठल्या क्षणाची मांडली ते आधी सांगा. निम्मे लोक अजून 1-15-31-30 चा (वार-घटी-पळं-विपळं; घटी 24 मिनिटांची, साठ पळांची) ध्रुवांक, म्हणजे दर वर्षाला मिळवायचा ठरावीक आकडा, लावतात. 40 वर्षं पूर्ण झाली असतील तर गुणून 7 चे वार काढल्यावर उरतो 1 वार 21 घटी. जन्म सोमवारी 10 घटींवर असेल तर वर्षप्रवेश मंगळवारी 31 घटींवर. हे सूर्यसिद्धांत या जुन्या गणितग्रंथाचं वर्ष, प्रत्यक्ष नाक्षत्र वर्षापेक्षा साडेआठ पळांनी मोठं. दृक् (प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं) मान 1-15-22-54 घ्या, तर येतात 25 घटी 16 पळं. फरक 5 घटी 44 पळांचा, म्हणजे सव्वादोन तासांहून जास्त. लग्न अख्खी राशी पुढे. मुंथेची राशी तीच राहते, पण नवमातली उत्तम मुंथा अष्टमात जाऊन बसते! शिवाय दिनमान 30 घटींचं असेल तर 25 ला दिवस, 31 ला रात्र. दिनरात्रिपती (वर्षेशपदाचा एक उमेदवार ग्रह) बदलला, पुण्यसहमाचं (रवी, चंद्र आणि लग्न यांच्या वजाबाकी-बेरजेने काढलेल्या बिंदूचं) सूत्र उलटं झालं. मग करा इत्थशालाच्या गप्पा.

पळीपंचपात्र
ध्रुवांकाला नावं ठेवण्याआधी थोडा अभ्यास करा. सिद्धांताचा रवी त्याच सिद्धांताच्या वर्षाने मूळ जागी येतो. जन्मकुंडलीही त्याच पंचांगाची असेल तर काडीचा दोष नाही. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 मध्ये ग्रहलाघव हा पंचांगगणिताचा ग्रंथ रचला, चारशे वर्षं महाराष्ट्राने त्यावर सण केले, तेव्हा कुणाची मुंथा अष्टमात पडली नाही वाटतं.

घटिकापात्र
वा! आज कोणता जातक सिद्धांताच्या रवीची पत्रिका घेऊन येतो? पत्रिका संगणकाची, चित्रापक्षी (चित्रा तारा धरून राशी मोजणारी), विकलेपर्यंत अचूक. तिला ध्रुवांक सिद्धांताचा. खिचडी होते ती इथे.

पळीपंचपात्र
मग चित्रापक्षच का? टिळक पंचांग रेवतीपक्षी (रेवती तारा धरणारं), अयनांश (सायन आणि निरयन राशींतलं अंतर) चारेक अंशांनी कमी. 1919 ला सांगलीच्या पंचांग परिषदेत ठरलेलं सगळं सोडून दिल्लीचं (सरकारचं) ऐकलं, तिथून हा गोंधळ...

घटिकापात्र
अयनांशाचा इथे संबंध नाही हो! कुठलाही घ्या. अयनगती सारखी असेल तर जन्मरवी आणि वर्षरवी दोन्हींतून तेवढेच अंश वजा होतात, वर्षप्रवेशाची वेळ हलत नाही. राशी-अंश बदलतील, क्षण नाही. प्रत्येक धाग्यावर टिळक पंचांग आणायलाच हवं का?

पळीपंचपात्र
आणणार. आणि आवाज खाली ठेवून लिहा.

कोरडा_पाषाण
लग्न राशीभर हललं तरी चाळीस वर्षं जुन्या पद्धतीवालेही ‘फळ जुळलं’ म्हणत होते आणि नव्यावालेही म्हणताहेत. निष्कर्ष काढा. मी निघतो.

दशमेश
पाषाणरावांचा टोला झोंबला, पण खोटा नाही. दोन्ही पद्धतींनी आधी लिहून ठेवलेली वर्षं कुणाकडे आहेत? नंतर जुळवलेली नकोत.

सायनी
खिचडी म्हणता तर सहमाचंही बघा. दिवसाचा वर्षप्रवेश, रवी वृषभ 10, चंद्र कर्क 10, लग्न तूळ 20. चंद्रातून रवी वजा, अधिक लग्न: पुण्यसहम धनू 20. आता आपले लोक ‘लग्न शोध्य (वजा केलेला रवी) आणि शुद्ध्याश्रय (ज्यातून वजा केला तो चंद्र) यांच्या मध्ये नाही’ म्हणून एक राशी मिळवतात. झालं मकर 20, तृतीयातून चतुर्थात! अल-बीरुनी या मध्ययुगीन विद्वानाने 1029 मध्ये सहमांची लांबलचक यादी दिली, तिथे हे राशी मिळवणं नाही. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्यासारखं तरी करा.

खग्रास
सैकाचा (एक राशी मिळवण्याचा) नियम नीलकंठीत स्पष्ट आहे. परंपरा पाचशे वर्षांची झाली की ती आपली.

सायनी
म्हणजे बुवा भेसळ काढतात ती चूक, आणि तुम्ही चूक जपता ती परंपरा.

घटिकापात्र
बाहेरदेशी राहणाऱ्यांचं राहिलंच. जन्म ठाण्याचा, मुक्काम डॅलसला. ध्रुवांकाने मिळतात त्या जन्मस्थानाच्या सूर्योदयापासूनच्या घटी. त्या उचलून डॅलसच्या सूर्योदयाला लावतात लोक! क्षण जगभर एकच असतो. आधी ठाण्याची वेळ काढा, ती डॅलसच्या घड्याळात बदला, मग तिथले अक्षांश-रेखांश घालून लग्न मांडा. मुक्कामाचं लग्न घ्यायचंच नसेल तर ठाण्याचं घ्या. अर्धं इथलं अर्धं तिथलं नको.

पळीपंचपात्र
जन्मस्थानाचंच घ्यायचं असतं. बाकी संगणकाच्या पत्रिकेला 1-15-22-54 लावा, हे एकवेळ चालेल. सिद्धांताच्या पत्रिकेला मात्र हात लावलात तर बघा.

घटिकापात्र
उपकार झाले. आता ती सिद्धांताची पत्रिका हल्ली कोण काढून देतं, तेवढं सांगा.