शापुरीच्या रबरवाल्यानं गाय पाळावी की नाही?

रानवाट (धागाकर्ता)

ब्राझीलच्या पार पश्चिम टोकाला, बोलिव्हियाच्या सरहद्दीजवळ, आक्रे नदीच्या काठी शापुरी नावाचं गाव आहे. वस्ती वीस हजारांच्या आत. गावाचं नाव ऐकलं नसेल, पण तिथला एक माणूस माहीत असेल: चिको मेंडिस, जंगलात रबराचा चीक काढणाऱ्या मजुरांचा, म्हणजे रबरवाल्यांचा पुढारी. आपण चिको म्हणतो, तिकडे उच्चार 'शिकू'. रबराच्या जंगलांत मालक शाळा काढू देत नसत, कारण कामगाराला वाचता आलं तर तो उधारीची वही वाचेल. या गड्याला अक्षरओळख झाली ती अठराव्या वर्षाच्या आसपास. त्याचं नाव 'शिकू' निघावं, ही गंमत फक्त आपल्यालाच कळणार.

गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडायला माणसं आली की हे रबरवाले बायकापोरांसह करवतींपुढे उभे राहायचे. तोड थांबवायची, पण हात उचलायचा नाही. २२ डिसेंबर १९८८ ला संध्याकाळी शिकू मागच्या दारातून आंघोळीला निघाला आणि दारातच त्याला गोळी घातली. संरक्षणाला दिलेले पोलीस स्वयंपाकघरात डॉमिनो खेळत बसले होते. खुनी गुरांच्या जमीनदाराचा मुलगा. पुढे १९९० मध्ये शिकूच्या नावानं राखीव वन झालं, सुमारे ९.७ लाख हेक्टर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या जवळजवळ दुप्पट. जमीन सरकारची, वापर रबरवाल्यांचा, विकायची मुभा नाही.

आता मुद्दा. जून २०२५ मध्ये सरकारी पथकं या वनात शिरली आणि बेकायदा कुरणांवरची गुरं उचलायला लागली. कारवाई करणाऱ्या संस्थेचं नाव शिकू मेंडिस संस्था, वनाचं नाव शिकू मेंडिस, आणि विरोधात रस्त्यावर उतरलेल्यांत रबरवाल्यांचीच पुढची पिढी.

मी कामानिमित्त चार वर्षं ब्राझीलमध्ये आहे. जानेवारीत शापुरीच्या आतल्या भागात एका घरी तीन दिवस राहिलो. तो हंगाम ब्राझील नटचा. त्याचं फळ नारळाएवढं, पण कवच नारळाहून चिवट. घरधनीण एका लाकडावर फळ ठेवायची, कोयत्याचे दोन-तीन घाव, वरची टोपी उडाली की आत संत्र्याच्या फोडींसारख्या रचलेल्या बिया. मी मोजल्या, एकात सतरा निघाल्या. पत्र्याच्या वीस लिटरच्या डब्यावर भाव ठरतो, आपल्या पायलीसारखा. वारा सुटला की कुणी झाडाखाली जात नाही. चाळीस मीटरवरून किलो-दीड किलोचं फळ डोक्यात पडलं तर माणूस जागीच जातो.

आणि घरामागे बावीस गाई.

मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, रबर पाठीवरून चिखल तुडवत न्यावं लागतं, गाय स्वतःच्या पायांनी रस्त्यापर्यंत जाते. पोर आजारी पडलं तर रबर विकून त्या दिवशी पैसे हातात येत नाहीत, वासरू विकून येतात.

माझं मत: तीनशे गुरंवाल्याला खुशाल हाकला. या बाईला हात लावू नका. तिच्या गाईंचा दोष रबराच्या भावाला द्या.

निवृत्त वनपाल

रानवाट, लिहिलंय छान. पण आमच्या नोकरीत अतिक्रमणाची प्रत्येक फाईल अशाच एका बाईपासून सुरू व्हायची. पोर आजारी, नवरा कामाला गेलेला, दोन गुंठ्यांत नाचणी. आम्ही डोळेझाक करायचो. पाच वर्षांनी जाऊन बघावं तर तिथे कुणा तिसऱ्याचंच कुंपण.

आता कायद्याचं. ब्राझीलच्या २००० सालच्या संरक्षित क्षेत्र कायद्यात अशा वनांसाठी पोटापुरती शेती आणि लहान प्राणी पाळायची परवानगी आहे. लहान प्राणी! कोंबड्या, डुकरं. गाय लहान कधीपासून झाली? तरीही तिथल्या वापराच्या नियमांत थोडी गुरं चालवून घेतली आहेत आणि प्रत्येक कुटुंबाला वाट्याच्या १० टक्के, कमाल ३० हेक्टर जंगल साफ करायला दिलं आहे. तीस हेक्टर म्हणजे पंचाहत्तर एकर! आमच्या भागात एवढी जमीन असलेला माणूस सरपंच होतो. यापेक्षा आणखी किती सवलत हवी?

हिशेबनीस

दोघांचंही चुकतंय. तुम्ही गाई मोजताय, वनपालसाहेब हेक्टर मोजतायत. त्या बाईला काय हवंय हे कुणी विचारलं? तिला सातबारा द्या. रस्ता द्या. मग तिनं गाय पाळावी, सोयाबीन लावावं नाहीतर विकून शहरात जावं. जगाला गार हवा हवी म्हणून तिनं पहाटे तीनला डोक्याला दिव्याची चिमणी बांधून जंगलात फिरायचं, हा कसला न्याय? आपल्यापैकी किती जण आपली मुलं त्या कामाला पाठवतील?

दोडामार्गकर

हिशेबनीस, रबराचं काम कसं चालतं ते आधी बघा, मग सातबारा वाटा.

ॲमेझॉनमध्ये रबराची झाडं रांगेत नसतात. हेक्टरात एखाद-दुसरं झाड. म्हणून एका घराला दोनतीनशे हेक्टर लागतात. जंगलातून शंभर-दीडशे झाडं जोडणारी वाट काढायची, पहाटे एकेका सालीला तिरकी चीर देऊन खाली वाटी लावायची आणि परतताना त्याच वाटेनं चीक गोळा करायचा. झाडं जवळजवळ लावली तर तिथली बुरशी पानं खाऊन टाकते. हेन्री फोर्डनं १९२८ मध्ये तापाझोस नदीकाठी अख्खं गाव वसवून रांगा लावून बघितल्या. १९४५ मध्ये सगळं सरकारच्या गळ्यात घालून त्याची कंपनी निघून गेली.

पण त्याच तापाझोसकाठचं बी १८७६ मध्ये एका इंग्रजानं लंडनला नेलं, सुमारे सत्तर हजार बिया. तिथून रोपं सिलोन, मलाया, आणि पुढे आपल्या केरळात. इकडे ती बुरशी नाही, म्हणून रांगा लागल्या आणि भाव पडला. आमच्या दोडामार्गात केरळवाल्यांनी डोंगरच्या डोंगर घेतले, झाडी साफ करून रबर आणि अननस लावलं. माझ्या घराच्या पडवीतून समोर दिसतं ते तेच झाड. तिकडे रबर विकलं गेलं तर जंगल टिकतं, इकडे रबर लावलं की जंगल जातं. तिच्या रबराला भाव नाही, त्यात आमच्या डोंगराचाही थोडा हात आहे. म्हणून मी रानवाटच्या बाजूनं.

हिशेबनीस

दोडामार्गकर, माहिती एक नंबर. पण तुमच्याच म्हणण्याचा अर्थ असा की तो धंदा १९१२ च्या आसपास मेला. मेलेल्या धंद्याभोवती सिंधुदुर्गाच्या दुप्पट कुंपण घालून माणसांना आत ठेवलंय. मग याला संग्रहालय म्हणा ना.

रानवाट

कुंपण कुणी घातलं नाही हो, त्यांनीच मागितलं. १९८५ मध्ये ब्रासिलियात रबरवाल्यांची पहिली राष्ट्रीय सभा भरली, तिथे ही कल्पना निघाली. सातबारा तेव्हाच नाकारला होता, कारण शेजारच्या वसाहतींत काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. तुकडे पाडून पट्टे दिले, दोन वर्षांत कर्जापायी विकले गेले, घेणारा गुरंवाला. आणि मुळात ही माणसं तिथे आली कशी? दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी मलाया घेतल्यावर अमेरिकेला रबर हवं झालं. ब्राझीलनं दुष्काळी ईशान्येतून सुमारे ५५ हजार माणसं 'रबराचे सैनिक' म्हणून जंगलात धाडली. मालकानं आधी उचल द्यायची, वर्षभर त्याच्याच दुकानातून मीठ-पीठ चढ्या भावानं घ्यायचं, शेवटी हिशेबात देणंच निघायचं. ऊसतोड पाहिलेल्यांना 'उचल' समजावून सांगायला नको. त्यातून सुटून जंगल स्वतःच्या हाती आल्याला आता कुठे पस्तीस वर्षं होतायत.

रस्त्याचं म्हणाल तर रस्ता झालाय. पेरूपर्यंत डांबरी. रस्त्यानं रबर गेलं नाही, गुरं आली.

तेंदूपत्ता

गडचिरोलीतून लिहितोय. इथल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला. पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो, तो गावाच्या हातात आला २०११ मध्ये. हक्क होता, बांबू होता, विकता येत नव्हता. दोन वर्षं कागद घेऊन बसायचं. शापुरीत कागद मिळून ३५ वर्षं झाली, खरेदीदार कुठाय?

रानवाट

खरेदीदार आणायचा प्रयत्न झाला होता. १९९९ मध्ये राज्य सरकारनं रबरावर किलोमागे अनुदान सुरू केलं. २००८ मध्ये शापुरीतच जंगलातल्या चिकापासून निरोध बनवायचा कारखाना निघाला आणि माल आरोग्य खात्यानं घेतला. हसू नका, कल्पना फर्मास होती: भाव पडला तरी सरकार गिऱ्हाईक. पण गिऱ्हाईक एकच असलं की त्यानं हात आखडला की संपलं. कारखाना पुढे बंद पडला.

निवृत्त वनपाल

आता मला थोडं बोलू द्या, कारण एक गोष्ट कुणीच विचारली नाही. रानवाट, त्या बावीस गाई तिच्याच होत्या का?

आमच्याकडे अर्धेलीनं शेळ्या देतात. शेळी सावकाराची, चारा आणि राखण तुमची, करडं निम्मी-निम्मी. मी वाचलंय की शापुरीच्या आक्रे राज्यातही गुरं अशीच दिली जातात. बाहेरचा मोठा गुरंवाला आपली जनावरं वनातल्या कुटुंबाकडे ठेवतो. जंगल तोडलं की नाव त्या कुटुंबाचं, दंडही त्यांनाच, वासरं निम्मी त्याची. नंतर तीच वासरं बाहेरच्या स्वच्छ कागदाच्या गोठ्यातून कत्तलखान्यात. तुम्ही म्हणता बाईला सोडा, तीनशेवाल्याला धरा. तीनशेवाला वनात राहतच नाही. त्याच्या तीनशे गाई पंधरा बायांच्या घरामागे वीस-वीस करून उभ्या आहेत.

हिशेबनीस

हे मात्र मान्य. +१.

दोडामार्गकर

वनपालकाका, मुद्दा जबर आहे. पण मग गाय उचलून नेल्यावर दंड कोण भरणार? तीच बाई ना?

निवृत्त वनपाल

तीच. म्हणून आधी गाय कुणाची हे बघा, मग उचला. आणि एकदा तरी उचलाच. नाहीतर नियम फक्त पाटीवर राहतो. आमच्याकडे अशा पाट्या भरपूर आहेत, कावळ्यांना बसायला.

रानवाट

काका, मी तिला विचारलं नव्हतं. आता आठवतंय, काही गाईंच्या मांडीवरचा मालकीचा डाग वेगळा होता. मी आपला फोटो काढत बसलो. तेव्हा 'हात लावू नका' हे माझं वाक्य मी मागे घेतो. डाग बघून हात लावा. पण उचललेल्या गाईच्या जागी दुसऱ्या दिवशी तिच्या हातात काय ठेवणार, हे ठरल्याशिवाय मी ट्रक आत जाऊ देणार नाही, एवढं राखून ठेवतो.

आणि हिशेबनीस, तुमच्या 'गार हवे'बद्दल. ही हवा जगाला हवी म्हणून नाही, तिला स्वतःला हवी आहे. आक्रे नदीचं पाणी राज्याच्या राजधानीत, रिओ ब्रांकोच्या मोजपट्टीवर २०१५ च्या पुरात १८.४० मीटरवर गेलं होतं. त्या पुरात शापुरीत शिकूच्या घरातही पाणी शिरलं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच पट्टीवर १.२३ मीटर! नदीकाठच्या माणसाला एक वर्ष घर सोडावं लागतं, दुसऱ्या वर्षी होडी ओढत न्यावी लागते. वरच्या अंगाला काठावरचं जंगल काढून कुरणं केल्यावर नदीनं आणखी काय करावं?

हिशेबनीस

नदीचा मुद्दा मान्य. सातबाऱ्याचा अजून मान्य नाही. तुम्ही त्यांच्या वतीनं १९८५ चा ठराव दाखवताय. तेव्हा सही करणारे आज आजोबा आहेत. नातवांना परत विचारायला काय हरकत आहे? राखीव वनातला थोडा भाग वगळायचं विधेयक २०१९ मध्ये संसदेत आलं होतंच, म्हणजे मागणी करणारे आहेत.

तेंदूपत्ता

मागणी नातवांची आहे की डागवाल्यांची, ते आधी बघा.

दोडामार्गकर

अवांतर: ब्राझील नटची लागवड कोकणात होईल का? काजूबरोबर लावता येईल असं एकानं सुचवलं होतं.

रानवाट

झाड येईलही, फळाचं सांगता येत नाही. त्या फुलाची पाकळी जड असते, ती उचलून आत शिरेल अशी थोराड मधमाशी लागते. आणि ती मधमाशी जंगल असेल तिथेच राहते. त्या बाईच्या कुरणात मधोमध असं एक झाड उभं होतं. तोडायला कायद्यानं बंदी, म्हणून भोवतीचं सगळं जाळून ते एकटं ठेवलेलं. बुंधा कमरेपर्यंत काळा.

निवृत्त वनपाल

ते फळतं का अजून?

रानवाट

विचारलं होतं. नवऱ्यानं कुरण केलं त्यानंतर दोन हंगाम फळं पडली, म्हणाली. आता खाली गाई बसतात, सावलीला.