माकडतापाच्या भागात घर कुठे बांधावं? (दोडामार्ग-बांदा परिसर)

प्रश्न : गावी_परतणारी

नमस्कार मंडळी. आमचं गाव दोडामार्ग तालुक्यात, तिळारीच्या बाजूला. डोंबिवलीतलं आवरून पावसाळ्याआधी कायमचं गावी जायचं ठरतंय. सोबत सासूबाई आणि पहिलीतली मुलगी.

घरासाठी दोन जागा आहेत. एक वर काजूत, जुन्या मांगराच्या (बागेतल्या शेतघराच्या) ठिकाणी. बारमाही पाणी, मोकळी हवा, पण मागच्या गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) थेट जंगल. दुसरी खाली वाडीत, चुलत सासऱ्यांच्या खळ्याला (अंगणाला) लागून. जागा लहान, वाटेवरून भांडण होण्यासारखी. नवऱ्याचा जीव वरच्या जागेवर आहे. सासूबाई 2016 साली जवळच्या केर गावात माकडताप आला तेव्हा गावीच होत्या, वरच्या जागेचं नाव काढलं की म्हणतात, “मी थंय रवाचंय नाय.”

मला मुलीची काळजी वाटते. सरळ सावंतवाडीत भाड्याने राहावं आणि नवऱ्याने बागेत जाऊन-येऊन करावं, असाही विचार आहे. प्रत्यक्ष तिथे राहणाऱ्यांनी सांगावं.

उत्तर : बांद्याचा_बागायतदार

ताई, सासूबाईंचं ऐका.

2017 साली बांद्याच्या आसपास साथ आली, तेव्हा मला माकडताप झाला होता. काजूच्या बिया वेचायचे दिवस. एका दुपारी थंडी भरून आली आणि संध्याकाळपर्यंत कपाळ फुटेल असं दुखायला लागलं. कंबर, पिंढऱ्या, सगळं ठणकत होतं. उजेड सोसवेना. आठवड्याने ताप उतरला, घरच्यांनी देवाला नारळ ठेवला. मग पुन्हा चढला, या खेपेला हात कापायला लागले. बरा झाल्यावरही पाण्याची बिंदगी उचलायची ताकद यायला बराच काळ गेला. हा ताप गोचीड चावल्याने होतो, पण ती मात्र अंगावर कधी दिसली नाही. माणसाला चावते ती बहुतेक वेळा तिची पिल्लावस्था, खसखशीच्या दाण्याएवढी.

आता जागेचं. मांगराच्या जागेला माझा ठाम विरोध आहे. काजूची बोंडं आणि फणस पिकले की माकडं, वानर जंगलातून तिथेच उतरतात. त्यातलं एखादं या तापाने मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून आसपासच्या पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पाल्यात, बसतात. मेलेलं जनावर उचलून नेलं तरी त्या तिथेच राहतात. घरामागच्या गडग्यापाशी असं झालं आणि पोर तिथे खेळत असेल तर? वाडीत निदान सारवलेलं खळं असतं, ऊन पडतं, माणसांची वर्दळ असते. गोचिडीला सावली आणि ओलसर पाला लागतो.

पण सावंतवाडीत बिऱ्हाड केलं म्हणजे सुटलो, असं समजू नका. हा रोग घरी बसलेल्याला शोधत येत नाही, तो रानात जाणाऱ्याला गाठतो. बिया वेचणं, लाकडं आणणं आणि सगळ्यात वाईट म्हणजे भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, पातेरा गोळा करणं. माघ-फाल्गुनात बायामाणसं हाताने पाला ओढून कवळ्या बांधतात आणि डोक्यावरून आणतात. गोचिडीचा जोर नेमका तेव्हाच असतो. तुमचे यजमान रोज बागेत उतरणार असतील तर ते कुठेही राहिले तरी धोका त्यांना आहेच. मुलीचा आणि सासूबाईंचा धोका मात्र घराच्या जागेवर ठरतो, म्हणून वाडी. वाटेचं भांडण आधी लिहून-सवरून मिटवा. ते मिटतं.

उत्तर : निवृत्त_आरोग्यसेविका

वरच्या दादांचं बरोबर आहे. थोडी भर घालते.

हा विषाणू पहिल्यांदा 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. साधारण नोव्हेंबर ते मे हा त्याचा हंगाम. माणसापासून माणसाला होत नाही, त्यामुळे शेजारी कुणाला झाला म्हणून त्या घरात जाणं सोडू नका. साथीत लोकांनी आजारी माणसाच्या घरचं पाणी प्यायचं टाळलेलं मी पाहिलंय, फार वाईट वाटायचं. जुनी लस आता दिली जात नाही आणि या तापावर खास औषधही नाही. लक्षणांवर उपचार होतात, म्हणून लवकर दाखल होण्याला फार महत्त्व आहे. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात, त्यामुळे अंगावर काढायचा हा ताप नव्हे.

यजमानांना एवढं नक्की सांगा. बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा सदरा, पँट मोज्यांत खोचलेली, उघड्या हातापायांना आरोग्य केंद्रातून मिळणारं, गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल. घरी आल्यावर कपडे बाहेरच काढून गरम पाण्यात टाकायचे आणि साबणाने आंघोळ. काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे हात फिरवून बघायचं. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तिला काडीने चटका देऊ नका, तेल-रॉकेल लावू नका. ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना “काजूत जातो” हे आपणहून सांगायचं. त्यावरून कोणती तपासणी करायची ते ठरतं. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता ग्रामपंचायतीला कळवायचं.

उत्तर : सत्तरीकर

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाळी गावाला 2015 साली ही साथ आली होती, ती माणसंही काजूतली. घर निवडताना पावसात गाडी दारापर्यंत येते का, तेवढं बघा. आजारी माणसाला बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं म्हटलं की डोंगरावरून खाली आणण्यातच वेळ जातो.

गावी_परतणारी :

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला हे वाचून दाखवलं. भाजावळीचं ऐकून तो गप्प झाला, कारण त्याची आई आयुष्यभर तेच करत आली. वाडीतली जागा नक्की करतोय. एक राहिलं : दोन गायी पाळायच्या आहेत. गोठा घराला लागून चालेल का?

बांद्याचा_बागायतदार :

लागून नको, ताई. मोठी झालेली गोचीड गुरांवर पोसते, मग गळून पडते आणि पाल्यात अंडी घालते. गोठा खळ्याच्या पलीकडे, मुलीच्या खेळायच्या जागेपासून लांब बांधा. गुरांखाली रानातला पातेरा अंथरायची पद्धत आहे, ती सोडा आणि भाताचं पिंजर वापरा. पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरांच्या गोचिडीवरचं औषध मिळतं, ते पावसाआधी विचारून घ्या. आणि गुरं चरायला वरच्या जंगलात सोडू नका, खालच्या मळ्यात बांधा.