सांगोल्यात आबासाहेब 11 वेळा निवडून आले, मग आमच्या करवीरात लाल बावटा का टिकला नाही?

करवीरचा नातू

राम राम मंडळी. मी करवीर तालुक्यातला, सध्या शहरात राहतो. गेल्या आठवड्यात गावाकडं माळा झाडताना आजोबांची पत्र्याची पेटी खाली काढली. आत सातबाऱ्याचे जुने उतारे, सोसायटीच्या पावत्या आणि तळाला घडी घातलेला लाल बावटा. घडीवर कापड विरलंय, पण काठीच्या बाजूची शिवण अजून घट्ट आहे. आजोबा 84 वर्षांचे आहेत. त्यांनी तो मांडीवर पसरला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग एवढंच म्हणाले, "आमच्यातलं एकच माणूस शेवटपर्यंत जागचं हललं नाही. सांगोल्याचे आबासाहेब."

मला आबासाहेबांचं, म्हणजे गणपतराव देशमुखांचं नाव माहीत होतं, पण त्यापुढं काही नाही. एकच पक्ष, एकच मतदारसंघ आणि 11 वेळा आमदार. आमच्याकडं तर घरटी एक तरी शेकापचा, म्हणजे लाल बावट्याच्या शेतकरी कामगार पक्षाचा माणूस होता असं आजोबा सांगतात, आणि आज त्या पक्षाचं नाव काढलं तर माझ्या वयाची पोरं 'तो कुठला?' म्हणतात. मग सांगोल्यातच असं काय होतं? माणूस तसा होता, तालुका तसा होता, की सूतगिरणीमुळं हे जमलं? कोल्हापुरात सांगोल्याकडची बरीच मंडळी आहेत. कुणी सांगितलं तर आजोबांना वाचून दाखवीन.

शाहूपुरीकर

आधी हिशेब देतो. 1962 ला पहिल्यांदा, 1967 ला पुन्हा. 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग 1978, 1980, 1985, 1990 ओळीनं. 1995 ला पराभव. नंतर 1999, 2004, 2009, 2014. मोजून 11. शेवटच्या वेळी वय 88 होतं. 1978 च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि 1999 च्या आघाडी सरकारात मंत्री होते, बाकी जवळजवळ सगळी कारकीर्द विरोधी बाकावर. 2019 ला उभे राहिले नाहीत. 30 जुलै 2021 ला गेले.

'का' चं उत्तर तिकडच्या माणसानंच द्यावं.

माणदेशी मोल्डर

मी तिकडचा. सांगोला तालुका, माण नदीकाठचं गाव. 1989 ला कोल्हापुरात आलो आणि तेव्हापासून शिरोली एमआयडीसीत ओतकामात आहे. आबासाहेबांशी मी आयुष्यात एकदाही बोललेलो नाही. सभेत लांबनं बघितलंय, तेवढंच. त्यामुळं जवळच्या माणसाच्या गोष्टी माझ्याकडं नाहीत. पण त्यांच्या एका पराभवात माझा हात आहे, म्हणून लिहितो.

बाळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर दुष्काळापासून सुरू होतं. 1972 ला माझी आई मी पोटात असताना रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. दिवसभर उन्हात बसायचं, खडीचा ढीग मोजून द्यायचा आणि सुकडी मिळायची ती पदरात बांधून घरी आणायची. तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख तेव्हा हातोड्याखाली गेलं, ते परत सरळ आलंच नाही. मी लहानपणी भाकरी थापताना तो अंगठाच बघत बसायचो. आमच्याकडं काम मागायची लाज नव्हती, काम मिळत नव्हतं याची भीती होती. पुढं रोजगार हमीचा कायदा झाला आणि काम मागणं हा हक्क झाला. असल्या मुलखात आमदार कोण, याला वेगळा अर्थ असतो. तुमच्याकडं पंचगंगा, भोगावती. पाणी आहे, ऊस आहे, कारखाना आहे, मग सत्तेच्या जवळ असलेला माणूस उपयोगी पडतो. आमच्याकडं वाटायलाच काही नव्हतं. तिथं लोक एवढंच बघायचे, की हा माणूस आपलं गाऱ्हाणं मुंबईला नेतो का आणि परत येऊन तोंड दाखवतो का. आमदार एसटीनं फिरतो हे आमच्याकडं कौतुक करून सांगायची गोष्ट नव्हती. आम्हीही एसटीनंच फिरत होतो.

सूतगिरणीचं विचारलंस. होय, तिचा वाटा मोठा आहे. ज्या तालुक्यात कापसाचं पीकच मोठं नाही तिथं सहकारी सूतगिरणी काढली आणि ती चालवून दाखवली. आसपासच्या कितीतरी सहकारी गिरण्यांना कुलपं लागली. गिरणीत कामाला लागलेलं पोरगं मुंबईला जायचं वाचलं, हे आमच्या गल्लीत मी बघितलंय. पण नुसत्या गिरणीवर 11 निवडणुका निघत नाहीत.

दुसरं म्हणजे फळबाग. 1990 ला रोजगार हमीतून फळबागेला अनुदान सुरू झालं आणि आमच्या माळावर बोर आलं, डाळिंब आलं. ज्या रानात कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं तिथं माझ्या थोरल्या भावानं डाळिंबाची झाडं लावली. आळ्यात घागरीनं पाणी घालून जगवली. पहिल्या तोडीची फळं त्यानं एसटीच्या टपावरनं मला कोल्हापूरला पाठवली होती. खोक्यात गवत घातलेलं, वर सुतळी. मी फौंड्रीतल्या सगळ्यांना एकेक दिलं. हाताला काळी वाळू लागलेली, त्याच हातानं दाणे काढून खाल्ले. माझ्या बापाच्या रानातलं फळ मी कोल्हापुरात माणसांना वाटत होतो, ते सुख मी विसरणार नाही. पुढं डाळिंबावरच्या तेल्या रोगानं बागा गेल्या, ती वेगळी कथा.

आता 1995. फेब्रुवारीत मतदान होतं. माझं नाव गावच्या यादीत. गावाकडनं निरोप आला होता, ये म्हणून. कामावर भट्टीची पाळी होती, दोन दिवसांचा खाडा पडला असता. मालक नको म्हणाला नसता. मीच विचारलं नाही. मनात म्हटलं, आबासाहेब काय, येणारच. आमच्या गावची काही घरं तेव्हा हंगामाला उसाच्या फडावर होती, काही गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला परराज्यात, काही इचलकरंजीत मागावर. सगळ्यांनी तसंच म्हटलं असणार.

मार्चमध्ये निकाल लागला. आबासाहेब 192 मतांनी पडले.

192. आमच्या एका गावातनं बाहेर असलेली माणसं धरली तरी त्यातला मोठा वाटा निघाला असता. मी संध्याकाळी पाळी सुटल्यावर नळावर हात धूत होतो आणि एकानं बातमी सांगितली. हात धुतच राहिलो. आईला भेटायला पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा तिनं विचारलं, "तू मत टाकलंस न्हवं?" तिला वाटलं मी येऊन टाकून परस्पर गेलो असेन. मी नाही म्हणालो. ती काही बोलली नाही, ताट वाढलं.

त्यानंतर 1999 पासून 2014 पर्यंत चारही वेळा मी कोल्हापूरच्या स्टँडवरनं सोलापूरची गाडी धरून मिरजमार्गे गावाला गेलो. पगार कापला गेला तर जाऊ दे.

तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. आबासाहेब टिकले कारण तालुक्यातली माणसं दर पाच वर्षांनी उठून जाऊन त्यांना टिकवत होती. आम्ही एकदा गाफील राहिलो आणि ते पडले. आणि पडल्यावर ते दुसऱ्या पक्षात गेले नाहीत. 1972 ला नाही, 1995 ला नाही. त्याच बावट्याखाली परत उभे राहिले, म्हणून आम्हालाही परत जाता आलं.

आटपाडीचा पाहुणा

आबासाहेबांबद्दल आदर पूर्ण आहे, पण एक बाजू लिहायलाच हवी. पन्नासेक वर्षं एक माणूस आमदार होता आणि तालुका टँकरवर होता. निष्ठा मोठी, पण विरोधी बाकावर बसून पाणी येत नाही. राज्याराज्यांत पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं कृष्णेचं 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राला दिलं होतं, ते अडवायला 2000 सालापर्यंतची मुदत डोक्यावर होती. कामांना पैसा उभा करायला कृष्णा खोरे महामंडळ झालं ते 1996 ला, म्हणजे नेमकं आबासाहेब सभागृहात नव्हते तेव्हा. सत्तेत राहून ते आधी झालं नसतं का? हा प्रश्न आमच्या भागात लोक विचारतात आणि तो चुकीचा नाही.

माणदेशी मोल्डर

प्रश्न चुकीचा नाही, मान्य. माझ्या आईनं सत्तरीतही डोक्यावरनं पाणी आणलं, तेव्हा मला तुमच्यापेक्षा कमी वाटत नाही.

पण पाहुणं, तुमच्याच आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींनी पाणी परिषद भरवली ती 1993 ला, महामंडळाच्या आधी तीन वर्षं. 13 दुष्काळी तालुके एकत्र आले. अण्णा स्वतः वाळव्याचे, कृष्णाकाठचे. त्यांच्या गावाला पाणी होतं आणि तरी ते आमच्यासाठी उभे राहिले. आणि आबासाहेब त्यांच्या बरोबर. 560 टीएमसी अडवलं नाही तर हक्क जाईल, हे आमच्यासारख्या अडाण्याला कुणी समजावलं? सरकारनं नव्हे. आबासाहेब पडले त्या वर्षीही परिषद थांबली नाही. महामंडळ कुणाच्या सहीनं झालं ते खरं, पण सही करायला भाग पाडणारी माणसं बाहेर मांडी घालून बसली होती. टेंभू उपसा योजनेचं पाणी उशिरा आलं, आमच्या कितीतरी शिवारात अजून पुरतं आलेलं नाही. ते ओझं एकट्या आमदाराचं नाही, ज्यांच्या हातात तिजोरी होती त्यांचं आधी आहे.

तरी तुमचं एक माझ्या मनाला लागलं. आई पाणी बघायला राहिली नाही.

रंकाळावेस

निवृत्त शिक्षक आहे. कोल्हापूरच्या बाजूनं थोडं लिहितो, कारण मूळ प्रश्नाचा अर्धा भाग तसाच राहिलाय.

करवीरात बावटा टिकला नाही असं सरसकट म्हणू नका. 1977 ला या जिल्ह्यानं भाई दाजीबा देसाईंना लोकसभेत पाठवलं. प्रा. एन. डी. पाटील सर मूळचे वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे, पण कोल्हापूरचेच झाले. 18 वर्षं विधान परिषदेत, 1978 ला सहकारमंत्री, 1985 ला कोल्हापुरातून विधानसभेवर. ऐंशी ओलांडल्यावर, तब्येत साथ देत नसताना, टोलच्या लढ्यात हा माणूस रस्त्यावर होता आणि शेवटी टोल गेला. त्या मोर्चांत मी होतो. पक्ष कुठला हे विचारत नव्हतं कुणी, सर आहेत म्हटल्यावर दुकानदार शटर ओढून चालायला लागत होते. म्हणजे माणसं इथंही होती.

फरक माझ्या मते असा, की इथं ऊस आला, दूध आलं, संस्था उभ्या राहिल्या आणि त्या चालवायच्या तर सरकारशी जमवून घ्यावं लागलं. यशवंतराव चव्हाणांच्या काळापासूनच शेकापची चांगली चांगली माणसं काँग्रेसकडं गेली. ती सगळी लोभानं गेली असं मी म्हणणार नाही. गावाचा रस्ता, पाण्याची स्कीम हवी म्हणूनही गेली. पण मागं राहिलेल्या कार्यकर्त्यानं काय करायचं? तुमच्या आजोबांसारख्यांनी बावटा पेटीत ठेवला.

करवीरचा नातू

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर आजोबांना सगळं वाचून दाखवलं. मोल्डरकाका, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचायला लावलं. 192 चा आकडा आला तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, 77 ला दाजीबा अगदी थोडक्या मतांनी आले होते आणि मतदानाच्या दिवशी त्यांनी स्वतः वस्तीवरची दोन म्हातारी माणसं बैलगाडीत घालून आणली होती. एकीला डोळ्यांनी दिसत नव्हतं, तिनं गाडीतच सगळ्यांना बजावलं होतं की मला हात धरून आत न्या, पण शिक्का मीच मारणार. हे त्यांनी आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आईसुद्धा स्वयंपाकघरातून येऊन बसली.

आणखी एक. बावटा परत पेटीत घालू नका म्हणालेत. विरलेल्या घडीवर आतून पट्टी लावून द्यायला शिंप्याकडं नेतोय. मोल्डरकाका, शिरोलीत तुमची पाळी कधी सुटते तेवढं कळवा, आजोबांना तुम्हाला भेटायचंय.

माणदेशी मोल्डर

साडेचारला सुटते. पण त्यांना एवढ्या लांब आणू नको, रविवारी मीच येतो. गावाकडनं भावाची डाळिंबं येणार आहेत, घेऊन येतो.