साधेपणा गरिबीतून नव्हे
सिस्टर्शियन या ख्रिस्ती भिक्षूंच्या पंथाच्या मठांच्या इमारती पैशाअभावी इतक्या साध्या राहिल्या, असं कुणी म्हणतं. ते पटत नाही. १०९८ साली फ्रान्समधल्या सीतो इथं हा पंथ निघाला तोच संत बेनेडिक्टने मठातल्या जीवनासाठी घालून दिलेले नियम काटेकोर पाळायला. मठांच्या ओवऱ्यांत कोरलेल्या माकडांवर आणि राक्षसांवर याच पंथाचे मठाधिपती संत बर्नार्ड यांनी सडकून टीका केली होती: भिक्षू पोथी सोडून खांबच वाचत बसतील!

फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातला याच पंथाचा फोंतने मठ (स्थापना १११८) बघा. चर्चवर घंटेचा मनोरा नाही, खिडक्यांना रंगीत काचा नाहीत. नुसता दगड आणि उजेड. पण त्याच आवारात ओढ्याच्या पाण्यावर घण चालवणारी लोहारशाळा आहे, तब्बल ५३ मीटर लांब. हे काय कफल्लकांचं काम वाटतं?