मदत हवी आहे: गरोदर जावेकडून ठेकेदार राजीनामा मागतोय, काय करावं?

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या धाकट्या जावेचा आहे. ती चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी तपासणीला आहे, ठेकेदाराच्या रोलवर. दरवर्षी करार नवा होतो. आता तिला सहावा महिना आहे. गेल्या आठवड्यात सुपरवायझरने केबिनमध्ये बोलावून टाईप केलेला कागद पुढे केला. 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे', खाली सहीची जागा आणि तारीख कोरी! "बाळ मोठं झालं की ये, परत घेऊ," म्हणाला. घरी विचारून सांगते म्हणून तिने वेळ मारून नेली. कागदाचा फोटो काही काढू दिला नाही.

मी जमेल तेवढं वाचलंय. तिचा पगार १७,५०० आहे, म्हणजे ईएसआयच्या (कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या) २१,००० च्या मर्यादेत. स्लिपवर दरमहा १३२ रुपये कापलेले दिसतात, ठेकेदार त्याच पगारावर सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे २६ आठवड्यांच्या रजेचे पैसे ही योजना चालवणारं महामंडळ, ईएसआयसी, देणार, ठेकेदाराच्या खिशातून दमडी जाणार नाही. त्यासाठी आधीच्या सलग दोन वर्गणी कालावधींत (सहा-सहा महिन्यांचे असतात) मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते, तिची कितीतरी जास्त दिवसांची भरलेली आहे. मग राजीनाम्याची एवढी घाई का? रजेवरच्या बाईची जागा राखून ठेवायची नाही, हेच कारण मला दिसतं. आणि सही केली की काढून टाकल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

दुसरी काळजी कराराची. तो ऐन रजेत संपतोय. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टर बाईंच्या प्रकरणात सांगितलंय की कराराची मुदत संपली तरी प्रसूतीचे लाभ पूर्ण मिळायला हवेत. पण ते झालं पैशांचं. रजेनंतर 'करार संपला, आता गरज नाही' म्हणाले तर?

आणि पाळणाघर. ५० किंवा त्याहून जास्त कामगार असले तर कायद्याने पाळणाघर लागतं, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. कारखान्यात शेकड्यांनी माणसं आहेत, ठेकेदाराच्या रोलवर मात्र चाळीसेक. मोजायची कोणाची? यावर तिची नोकरी टिकणं अवलंबून आहे. सासूबाई शेतीमुळे गावी असतात, भाऊजी टेम्पो चालवतात, खाडा झाला की त्या दिवसाची कमाई बुडाली. केंद्र सरकारी नोकरीत वडिलांना १५ दिवस तरी मिळतात, खाजगीत तेवढंही बंधन नाही. बायका बाळंतपणापायी नोकरी सोडतात असं सगळे म्हणतात. माझ्या आजूबाजूला तरी सहा महिन्यांनंतर बाळाजवळ कोणी नाही म्हणूनच सोडलेल्या जास्त आहेत.

राजीनामा देणार नाही आणि रजेवर जाणार आहे, हे लेखी कळवायचं तर पत्र ठेकेदाराला, कंपनीला की दोघांनाही? पोच द्यायला नकार दिला तर नोंदणी केलेलं स्पीड पोस्ट चालेल ना? आधी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावं की ईएसआयच्या शाखेत? चाकण-भोसरी भागात ठेक्यावरच्या बायकांची बाजू घेणारी युनियन कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा. कोणी असं पत्र दिलं असेल तर मजकूर इथे टाकाल का?

सोमवारी तिची पहिली शिफ्ट आहे, त्या दिवशी तिला उत्तर द्यायचंय. त्याआधी कळवलंत तर फार बरं होईल.